मागं बघायचं नाही

डबल्समध्ये जो जाळीपाशी उभा राहतो त्याला सगळ्याची मुभा असते, एका गोष्टीची सोडून. त्यानं मागं बघायचं नाही. मागचा जोडीदार घसरो, पडो, नाहीतर खेळ टाकून पाणी प्यायला निघून जावो. पुढच्यानं आपलं तोंड जाळीकडे ठेवायचं आणि रॅकेट नाकासमोर. बघणाऱ्यांना वाटतं ही शिस्त आहे. शिस्त कसली, जिवाचं भय आहे. आपल्याच जोडीदारानं जीव खाऊन मारलेलं शटल कानाजवळून जातं, तेव्हा हे पिसांचं आहे असं सांगितलं तर कुणाला पटणार नाही. पाठीत बसलं तर वळ उठतो, डोक्यात बसलं तर टेंगूळ येतं, आणि चार दिवसांत दोन्ही जातात. वळलेल्या तोंडावर बसलं तर मात्र जात नाही.

ही हकिगत ज्या बाईची आहे तिला हे सातव्या वर्षापासून पाठ होतं. तरी तिनं मागं बघितलं. का बघितलं हे तिनं सोळा वर्षं कुणाला सांगितलं नाही, आणि त्या गप्प बसण्याची किंमत तिच्या धाकट्या बहिणीनं मोजली.

दोघींचा बाप एका कारखान्याच्या क्रीडाभवनाचा रखवालदार. भवन म्हणजे एकच मोठा हॉल, लाकडी फळ्यांची जमीन, त्यावर दोन कोर्टं, आणि हॉलच्या पाठीमागं दोन खोल्या, त्यात हे कुटुंब. बाप स्वतः कधी सामना खेळला नव्हता. पण कारखान्याचे साहेब आणि कारकून संध्याकाळी येऊन जे काही खेळत ते त्यानं वीस वर्षं दारात उभं राहून बघितलं होतं, आणि इतका वाईट खेळ इतकी वर्षं बघितल्यावर चांगला खेळ कसा असतो ते त्याला आपोआप कळलं होतं. साहेब लोक गेले की तो मुलींना कोर्टावर उतरवायचा. त्यांना तो नावानं हाक मारत नसे. थोरली आणि धाकटी. म्हणून सगळा हॉल त्यांना तसंच म्हणू लागला, आणि पुढं वर्तमानपत्रांनीही तेच उचललं.

थोरली बुटकी, चपळ, हाताची हुशार, ती पुढं. धाकटी तीन वर्षांनी लहान पण वितीनं उंच, आणि खांदा असा की बाप म्हणायचा, हिला मुलगी म्हणून जन्माला घालताना हात चुकून दुसऱ्याचा लागला. ती मागं. थोरलीला मान वळवायची खोड होती, सगळ्याच मुलांना असते. बापानं काय करावं? पुठ्ठ्याची एक रुंद पट्टी कापली, तिच्या गळ्याभोवती गुंडाळली आणि मागून दोरीनं बांधली. मान वळवली की पुठ्ठा हनुवटीला कापायचा. दोन वर्षं ती पोर असा पुठ्ठा घालून खेळली. कारखान्यातले लोक हसायचे. बाप म्हणायचा, हसा.

आणि मग बघायचं नाही तर कळायचं कसं? कानानं. बाप थोरलीला जाळीकडे तोंड करून उभी करायचा, धाकटीला मागं हवं तिथं पळवायचा, आणि टाळी वाजवली की थोरलीनं न बघता हात मागं करून धाकटी कुठं आहे ते दाखवायचं. बुटाच्या तळव्याची करकर, श्वास, फळीचा आवाज, एवढ्यावर. वर्षभरात ती इंचाची चूक करीना. "कान नाहीत ते, मागचे डोळे आहेत," बाप येईल त्याला सांगायचा, आणि आलेल्याला हा चमत्कार बघितल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही. बोलायचे शब्द चारच ठरले होते: माझं, तुझं, सोड, बाहेर. दोघींच्या मधोमध शटल आलं की मागचीनं हाक द्यायची, कारण मागचीला सगळं दिसतं. 'सोड' म्हटलं की पुढचीनं जिथं असेल तिथं खाली वाकायचं, तोंड जाळीकडे, आणि डोक्यावरून शटल जाऊ द्यायचं.

घरात आणखी एक माणूस होतं, त्याला यातलं काही ऐकू येत नव्हतं. आई. तिशीत तिचे कान जायला लागले आणि पस्तिशीपर्यंत गेलेच. ती धुलाईच्या कारखान्यात दवाखान्याच्या चादरी घड्या करायला जायची. तिथल्या यंत्रांच्या घरघरीत बाकीच्या बायका हातवारे करून बोलायच्या, तिला त्याचं काही वाटत नसे. ती ओठ वाचायची. हॉलच्या या टोकाला बसून त्या टोकाचे साहेब आपल्या बायकोबद्दल काय बोलतात ते ती जेवताना सांगायची. तिच्यासमोर कुजबुजायची सोय नव्हती. उलट मोठ्यानं बोलून पाठ फिरवली तर चालायचं.

मुली वाढल्या, जिंकू लागल्या, आणि एका मोठ्या कंपनीच्या क्लबनं दोघींना पगारावर घेतलं. धंदेवाईक खेळाडू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं विमानं आणि फुलांचे गुच्छ येतात. यांच्या डोळ्यांपुढून गेल्या त्या बस. सहा तास, नऊ तास, पाय सुजलेले, आणि उतरल्यावर स्वस्त हॉटेलात एका पलंगावर दोघी. कपडे बेसिनमध्ये धुवायचे आणि पंख्याखाली वाळवायचे. थोरलीच्या दोन्ही अंगठ्यांची नखं आळीपाळीनं काळी पडून गळायची. धाकटीच्या खांद्यावर रोज बर्फ. सकाळी हरलं तर दुपारच्या बसनं परत, जिंकलं तर आणखी एक दिवस त्याच पलंगावर. आठ वर्षं असं चाललं, आणि त्यातली सहा वर्षं देशातल्या पहिल्या चार जोड्यांत त्यांची गणती होती.

टाळ्या धाकटीला पडायच्या. ती उडी मारून स्मॅश हाणायची तेव्हा लोक बाकावरून उठायचे. फोटोत ती हवेत असायची, आणि खाली कोपऱ्यात थोरलीचा अंबाडा. ती उडी मारायला मिळावी म्हणून समोरच्यांना शटल उचलायला भाग पाडायचं काम थोरली करायची, हे कळणारे हॉलमध्ये पाच-सहा जण. थोरली हसून म्हणायची, कानामागून आली आणि तिखट झाली. हसणं खरं होतं. पण सगळंच खरं नव्हतं, आणि हे तिला स्वतःला ठाऊक होतं.

पंचविसाव्या वर्षी एका हॉटेलात घड्याळाचा गजर तिच्या उशाशी वाजत राहिला आणि धाकटीनं येऊन बंद केला. धाकटी म्हणाली, काय मेल्यासारखी झोपतेस. थोरली काही बोलली नाही, कारण ती जागी होती.

पुढचे महिने तिनं ताकास तूर लागू दिली नाही. फोन उजव्या कानाला लावायला लागली, मग तोही उपयोगाचा राहिला नाही. क्लबचे प्रशिक्षक, त्यांना सगळे शिट्टीसर म्हणायचे, त्यांची शिट्टी तिला ऐकू यायची. शिट्टीनंतर ते काय बोलले ते यायचं नाही. ती समोर जाऊन उभी राहायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघायची. सर खूश, मुलगी किती लक्ष देऊन ऐकते. कोर्टावर ती समोरच्या दोघींच्या डोळ्यांवरून मागचं ओळखायची. आणि घरच्या हॉलवर तर काही अडतच नव्हतं. लाकडी फळ्या. धाकटीनं पाऊल टाकलं की ते थोरलीच्या तळव्याला कळायचं, कुठून आलं तेही. तिथं तिचे कान गेलेत हे बापालासुद्धा समजलं नाही, आणि तो दारातच उभा असायचा.

पण बाहेरगावी हल्ली सगळीकडे सिमेंटवर रबराच्या चटया. चटईवर काही कळत नाही. चटई सगळं गिळते. मग असं व्हायला लागलं की ही जोडी फळ्यांवर कुणालाही हरवायची आणि चटईवर कुणाकडूनही हरायची. शिट्टीसरांनी दोष बुटांना दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी. दोन महिन्यांत चार जोड बूट बदलले. खरं कारण थोरलीला ठाऊक होतं. चटईवर ती मागं बघायला लागली होती. पुरतं नाही, हनुवटी खांद्यापर्यंत, डोळ्याच्या कोपऱ्यानं, पापणी लवायच्या आत परत. पुठ्ठा असता तर कापलं असतं.

ती गुपचूप शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेली. त्यानं सांगितलं की कानातलं एक नखाएवढंही नसलेलं हाड घट्ट होत चाललंय, घरात कुणाला आहे का? आहे म्हणाली. शस्त्रक्रिया होते, पण नंतर कित्येक महिने उडी नाही, धावणं नाही. राष्ट्रीय संघाची निवड अकरा आठवड्यांवर होती. एकच जोडी घेणार होते. थोरली सत्तावीस वर्षांची, ही शेवटची संधी. धाकटी चोवीस, तिची पहिली खरी. थोरलीनं ठरवलं, निवड झाली की सांगू. वाईट माणसानं ठरवावं असं यात काही नव्हतं. कुणीही हेच ठरवलं असतं.

आईनं मात्र ओळखलं. एकदा जेवताना बाप बोलत होता आणि थोरली त्याच्या ओठांकडे बघत होती. आई थोरलीकडे बघत होती. दोघींची नजर भेटली. नंतर भांडी घासताना आईनं ओल्या हातानं तिची हनुवटी आपल्याकडे वळवली आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाली, सांग तिला. थोरलीनं तशाच नुसत्या ओठांनी उत्तर दिलं, नंतर.

निवडीचे सामने एका प्रचंड हॉलमध्ये होते. चार कोर्टं शेजारीशेजारी, चारही चालू, सगळीकडून 'माझं', 'सोड' अशा आरोळ्या, आणि खाली चटई. उपांत्य सामना, तिसरा गेम, अठरा-सतरा. समोर जी जोडी होती तिच्यातली एक मुलगी इतकी उंच की तिला सगळे शिडी म्हणायचे. शिडीनं शटल उचललं आणि ते आखूड पडलं, बरोबर दोघींच्या मधोमध. थोरली एक पाऊल मागं आली. हाक येईल म्हणून थांबली. तिच्या लेखी हाक आली नाही. मग तिनं मान वळवली.

धाकटी हवेत होती, दोन हातांच्या अंतरावर. मारून झालं होतं.

डावा डोळा. चटईवर पडलेलं रक्त फार नव्हतं, असं नंतर बघणारे सांगायचे, जणू त्यात काही समाधान होतं. डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवशी डोळा काढून टाकला.

पहिल्या संध्याकाळी दवाखान्यात बाप आला. धाकटी भिंतीला टेकून उभी होती, हातात अजून रॅकेट, पायात कोर्टावरचे बूट. आई पलंगाच्या पायथ्याशी. बापानं धाकटीकडे न बघता थोरलीला विचारलं. तो अगदी जवळ वाकून, एकेक शब्द सुटा करून बोलला, त्यामुळे तिला कळलं.

"हाक मारली होती का तिनं?"

इथं थोरलीला खरं सांगता आलं असतं. हाक मारली होती हे तिला माहीत होतं. कसं माहीत होतं ते पुढं येईल. पण खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. दोन वर्षं, डॉक्टर, चार जोड बूट, सगळं. आपल्याच चुकीनं आपला डोळा फुटला आणि धाकटीची निवडही गेली, असं बापाच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं.

"नाही," ती म्हणाली.

"मारली होती, बाबा," धाकटी म्हणाली. "मी सोड म्हटलं. मोठ्यानं म्हटलं."

"मग हिला ऐकू कसं आलं नाही?" बाप म्हणाला. "हिच्यासारखे कान कुणाचे आहेत?"

त्या कानांचं कौतुक ऐकतच धाकटी मोठी झाली होती. कुणीतरी शिडीलाही विचारलं. ती म्हणाली, काहीतरी ऐकल्यासारखं वाटतं, पण शेजारच्या कोर्टावरचंही असेल. पंचांनी तेच सांगितलं. आठवडाभर धाकटी म्हणत राहिली की मारली होती. मग म्हणायला लागली की मारली असेल. महिन्याभरानं ती काहीच म्हणेनाशी झाली.

थोरलीचा 'नाही' आईनं वाचला होता. घरी आल्यावर, दोघीच असताना, जखम पुसता पुसता आई म्हणाली, "मीपण लपवलं होतं गं, दोन वर्षं. पण माझ्या मागं कुणी रॅकेट घेऊन उभं नव्हतं." एवढंच. मुलीची मूठ उघडायची ती मुलीनं, असं तिचं मत असावं. हे तिचं चुकलंच.

क्लबनं धाकटीला दुसरी जोडीदार दिली. पुढची मुलगी चांगली होती, चलाख होती. सरावात धाकटी एकटी असली की शटल फाटेपर्यंत हाणायची. पण पुढं माणूस उभं राहिलं की तिचा हात वर जाईपर्यंत नीट जायचा आणि शेवटच्या क्षणी सैल पडायचा. स्मॅश मारायच्या जागी ती हळूच टाकून द्यायची. शिट्टीसरांनी समजावलं, रागावले, मग रागवायचेही थांबले. तीन स्पर्धा झाल्या. तिसरीत समोरच्यांना कळून चुकलं होतं की हिला कितीही उंच द्या, ही मारत नाही. ती परत आली, बूट कपाटात ठेवले आणि बापाला म्हणाली, फळ्या पुसायला मी मदत करते.

आता विचारण्यासारखी गोष्ट ही, की थोरली तेव्हा तरी का बोलली नाही? एका वाक्यात धाकटीचा हात सुटला असता. तुझी चूक नव्हती, एवढंच. थोरली हे रोज म्हणायची, मनात. रोज सकाळी ठरवायची. आणि रोज तिच्या आत कुणीतरी म्हणायचं, मी इथं एका डोळ्यानं भांडी विसळतेय आणि ही हवेत उड्या मारणार, फोटो येणार, आणि या वेळी कोपऱ्यात अंबाडाही दुसरीचा. हे तिला स्वतःलाच घाण वाटायचं. पण घाण वाटली म्हणून ते जात नव्हतं. पुढं धाकटीचं वय निघून गेलं, तेव्हा तिला वाटलं आता सांगून काय उपयोग. आधी सांगायची हिंमत नव्हती, नंतर सांगायचं कारण उरलं नाही. अशी सोय माणसाला नेहमी सापडते.

बत्तिसाव्या वर्षी तिचे कान गेल्याचं 'उघडकीला' आलं. दुष्काळात तेरावा महिना, लोक म्हणाले. आईवर गेली, म्हणाले. कधीपासून, असं विचारलं तेव्हा तिनं या वर्षापासून असं सांगितलं. कानातलं यंत्र धाकटीनं आणून दिलं. बाप पुढच्या वर्षी गेला, आणि मरेपर्यंत तो धाकटीशी चांगला वागला, अगदी जपून वागला, माफ केलेल्या माणसाशी वागतात तसा.

बापाची जागा धाकटीला मिळाली. ती हॉल सांभाळायची आणि मुलांना शिकवायची. मागच्या खोलीत थोरली रॅकेटींना तारा बसवायची. ते काम एका डोळ्यानं होतं. बाकीचे कारागीर तार छेडून आवाजावर ताण ओळखतात. ही अंगठ्यानं दाबून ओळखायची, आणि तिची रॅकेट कधी परत आली नाही. धाकटी नव्या मुलांना पहिल्या दिवशी रॅकेट देत नसे. समोर बसवून सांगायची, मी एकदा हाक मारली नाही आणि माझ्या बहिणीचा डोळा गेला. मुलं वळून मागच्या खोलीच्या काचेकडे बघायची. मग ती सगळ्यांना रांगेत उभं करून 'सोड' म्हणून ओरडायला लावायची, घसा बसेपर्यंत. दर वर्षी दोन तुकड्या. थोरलीला काचेतून सगळे ओठ दिसायचे.

आणि रोज सकाळी धाकटी तिच्या डोळ्यात थेंब घालायला यायची. काचेचा डोळा कोरडा पडतो, थेंब लागतात. थोरलीला स्वतःला घालता आले असते, पण धाकटीनं ते काम पहिल्या दिवसापासून आपल्याकडे घेतलं होतं. येताना दारातूनच मोठ्यानं हाक द्यायची, "ताई, मी आलेय, मागं आहे." यंत्र कानात नसलं तरी द्यायची. आई असताना तिला हे ओठांवरून दिसायचं आणि ती तोंड फिरवायची. आईही मागच्या वर्षी गेली. जाताना तिनं थोरलीचा हात धरला आणि नुसत्या ओठांनी तेच दोन शब्द म्हटले. थोरलीनं मान हलवली.

मग एका दुपारी हॉलवर शिडी आली. मुलीला शिकायला घालायला आली होती. ती गेल्यावर धाकटी तारांच्या खोलीत आली, हसत. थोरली यंत्रावर रॅकेट चढवून बसली होती. धाकटी समोर आली, स्टूल ओढलं आणि सांगू लागली, शिडी कशी आता सुटलीय, मुलगी मात्र आईसारखीच काठी आहे, वगैरे.

"आणि काय म्हणते माहितेय? म्हणते, तुम्ही हाक मारली होती. तुमच्या ओरडण्यानं मी जागीच थांबले, मला इतक्या वर्षांत तेच आठवतं. तेव्हा घाबरून नीट सांगितलं नाही म्हणे." धाकटी अजून हसत होती. "मी म्हटलं, नाही हो, तुम्हाला शेजारच्या कोर्टावरचं आठवत असेल. मी नव्हती मारली. हवं तर ताईला विचारा."

थोरलीनं हातातला चिमटा खाली ठेवला.

"मारली होतीस," ती म्हणाली.

"बरं वाटावं म्हणून नको बोलूस. झालं ते झालं."

"मारली होतीस. सोड म्हणालीस."

"तुला कसं माहीत? ऐकू आलं असतं तर तू वळली असतीस का?"

"ऐकू नाहीच आलं. मला तेव्हा दोन वर्षं ऐकू येत नव्हतं. म्हणून तर वळले." थोरलीनं डाव्या डोळ्यापाशी बोट नेलं. "वळले तेव्हा तुझं तोंड दिसलं. ओठ नुकते 'सोड' म्हणून मिटत होते. या डोळ्यानं शेवटचं तेच बघितलं."

धाकटीनं विचारलं की बाबांना माहीत होतं का. नाही. आईला? होतं.

"मला माहीत होतं ना, ताई," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नाही, पण ओठ इतके स्पष्ट हलत होते की एक अक्षर चुकलं नसतं. "मला पक्कं माहीत होतं. माझाच आवाज होता तो. मी किती वेळा सांगितलं. आणि तुम्ही ते माझ्याकडून काढून घेतलंत."

थोरली म्हणाली, मला माफ कर. ते किती तोकडं आहे हे तोंडातून बाहेर पडतानाच तिला कळलं. धाकटी उठली आणि गेली.

काचेतून थोरलीनं बघितलं. दुपारची वेळ, मुलं यायची होती, हॉल रिकामा. धाकटीनं कपाटातून जुने बूट काढले, शटलांची टोपली घेतली आणि एकटीच कोर्टावर उतरली. पुढं कुणी नव्हतं. तिनं स्वतःच शटल उंच उडवलं, मागं सरली आणि उडी मारली. फळ्यांतून तो धक्का खोलीपर्यंत आला, थोरलीच्या तळव्यांत शिरला, आणि तिला ओळखता आला. चोवीस वर्षांची धाकटी अशीच उतरायची, आधी डावा पाय, मग उजवा. दुसरं शटल. तिसरं. हात कुठंही सैल पडत नव्हता, शेवटपर्यंत जात होता. सोळा वर्षांनी सुटला होता तो. पण आता तो चाळीस वर्षांच्या बाईचा हात होता. चौथं शटल जाळीत गेलं, पाचवंही. सहाव्याला तिनं खांदा धरला. तरी उडी मारतच राहिली, टोपली संपेपर्यंत, आणि शेवटची दहा-बारा शटलं जाळीपर्यंतही पोचली नाहीत. मग फळ्या शांत झाल्या. धाकटी कोर्टाच्या मधोमध खाली बसली होती. थोरलीला जागचं उठवेना.

संध्याकाळी नवी तुकडी आली. धाकटीनं त्यांना रॅकेटी दिल्या आणि सरळ खेळायला लावलं. गोष्ट सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली तोंड धुऊन खिडकीपाशी बसली. यंत्र अजून कानात घातलं नव्हतं. दाराकडे पाठ. धाकटी येईल की नाही हे तिला माहीत नव्हतं, आणि विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. या खोलीत फळ्या नव्हत्या, फरशी होती. तिला काहीच कळलं नाही, आणि एकदम खांद्यावर हात पडला.

ती दचकली आणि मान वळवून मागं बघितलं. धाकटी उभी होती, हातात थेंबांची बाटली, तोंड मिटलेलं.